महाबळेश्वरच्या वाटेवर वाईलाच उतरलो : पाच माणसं, दोन रात्री, आठ हजार रुपये

पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वाई लागतंच. आम्हीही आजवर चार-पाच वेळा वाईतून गेलो होतो. स्टँडवर पाच-दहा मिनिटं, एखादा वडापाव, की पुढे पसरणीचा घाट सुरू. गेल्या नाताळात पहिल्यांदाच आम्ही तिकीट वाईपर्यंतचं काढलं आणि दोन रात्री तिथेच राहिलो. त्या अडीच दिवसांची ही सगळी नोंद आहे : काय ठरवलं, का ठरवलं, कुठे गणित बसलं, कुठे चुकलं आणि पैसे नेमके कशावर गेले. छोट्या गावात जाऊन स्वस्तात सहल होते हे सगळेच सांगतात. पण ती स्वस्त का होते हे मला तिथे गेल्यावर कळलं, आणि ते आधी कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं उपाशी राहिली नसती.

घरची परिस्थिती

आम्ही पाचजण. हे एका कारखान्यात नोकरीला, मी एका शाळेच्या कार्यालयात. थोरली मुलगी नववीत, धाकटा दहा वर्षांचा. सासूबाई ७६ वर्षांच्या, तब्येतीने ठणठणीत, पण गुडघे बोलतात. चढ-उतार जपून करावा लागतो.

दोन वर्षं कुठे गेलो नव्हतो. एका वर्षी आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या वर्षी थोरलीच्या क्लासची फी भरली. यंदा दिवाळीच्या बोनसमधून आठ हजार रुपये मी वेगळे काढून ठेवले आणि त्याच्या वर एक रुपयाही जाणार नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. उसने काढून केलेली सहल परत आल्यावर पुढचे तीन महिने पुरते, हे आम्ही एकदा भोगलेलं आहे.

प्रत्येकाला हवं होतं ते वेगळं. धाकट्याला घोड्यावर बसायचं होतं आणि स्ट्रॉबेरी खायच्या होत्या. थोरलीला ‘कुठेतरी जुनं आणि शांत’ हवं होतं. ह्यांना झोप हवी होती. आईंना कृष्णा पाहायची होती. त्या २००४ च्या कन्यागताला शेवटच्या वाईला गेल्या होत्या. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते असं मानतात, आणि दर बारा वर्षांनी कृष्णाकाठी तो उत्सव होतो. पुढच्या २०१६ च्या कन्यागताला त्या आजारी होत्या, तेव्हा राहून गेलं ते राहूनच गेलं. आणि मला दोन दिवस ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. हे मी मोठ्याने बोलले नव्हते, पण मनात तेच पहिलं होतं.

पर्याय

महाबळेश्वरला फोन केला. नाताळच्या आठवड्यात पाचजणांना पुरेल अशा खोलीचा एका रात्रीचा दर ऐकूनच फोन ठेवला. दोन रात्रींची खोलीच आमचे आठ हजार गिळून वर चार हजार मागत होती. जेवण, गाडी, घोडा सगळं त्यापुढे. कोकणचा विचार केला, पण आईंना इतका लांबचा एसटीचा प्रवास झेपला नसता आणि स्वतंत्र गाडी परवडणारी नव्हती. ह्यांच्या मूळ गावी जायचं हा एक पर्याय नेहमीच असतो. पण गावी जाणं म्हणजे माझ्यासाठी स्वयंपाकघर बदलणं, सहल नव्हे. या वेळी मी ते स्पष्ट सांगितलं.

मग आईच म्हणाल्या, “अगं, वर कशाला जायचं? खाली वाईलाच राहूया की. घाटावर बसू.”

धाकटा रुसला. वाईत ‘काय आहे’ याचं उत्तर आमच्याकडेही नीट नव्हतं. पण कागदावर मांडलं तेव्हा वाई सरस ठरली. पुण्याहून अंतर ९० किलोमीटरच्या आत. गावची लोकवस्ती २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास, म्हणजे मधल्या आळ्या आणि घाट पायी फिरता येतील एवढंच गाव. पाचगणी तिथून १२-१३ किलोमीटरवर. तरी सुट्टीची गर्दी वर चढते आणि भावही तिच्याबरोबर वर चढतात. एका घाटाच्या फरकाने खोलीचं भाडं इतकं उतरतं, यावर आधी विश्वास बसेना. तीन आठवडे आधी ओळखीतून एका जुन्या वाड्यातली मोठी खोली मिळाली. दोन जास्तीच्या गाद्या धरून रात्रीचे १४०० रुपये.

अडीच तिकिटांत पाच माणसं

आमचा पहिला फायदा प्रवासात झाला. तो सविस्तर सांगते, कारण अनेकांना या सवलती एकेकट्या माहीत असतात, पण एकत्र धरून घराचा हिशेब कुणी करत नाही.

एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट, त्यात शाळकरी मुलीही आल्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना तर पूर्वीपासूनच अर्धं. आता आमचं घर बघा : हे पूर्ण, मी अर्धी, थोरली अर्धी, धाकटा अर्धा, आई मोफत. पाच माणसं, अडीच तिकिटं. पूर्ण तिकीट दीडशेच्या घरात होतं. जाऊन-येऊन पाचजणांचे ७७५ रुपये झाले. स्वतःची गाडी असती तरी पेट्रोल आणि टोलला याहून जास्त लागले असते.

कंडक्टरने आईंचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं, तेव्हा त्या बराच वेळ ते उलटसुलट करून बघत होत्या. “बसायची जागा मिळते ना याच्यावर?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मिळते. शून्याचं तिकीटही तिकीटच असतं.

गुरुवार, २५ डिसेंबरला सकाळी सहाच्या सुमारास स्वारगेटहून निघालो. एवढ्या लवकर निघण्याचं कारण खंबाटकी. सलग सुट्ट्यांना तो घाट तुंबतो आणि एकदा आठ वाजले की काही खरं नाही. जाताना घाट चढून जायचं आणि येताना बोगद्यातून यायचं, हे धाकट्याला फार आवडलं. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला तसा दोन्ही बाजूंना ऊस आणि वडाची जुनी झाडं लागली, समोर पांडवगड. साडेनऊच्या आत वाईच्या स्टँडवर होतो.

दुपारच्या जेवणाच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी मी घरून नेली होती. त्याबद्दल हिशेबाच्या वेळी बोलेन.

पहिला दिवस : मंदिराची पाठ

खोली ज्यांच्याकडे होती त्या काकूंनी पोचल्या पोचल्या तीन गोष्टी सांगितल्या. “गरम पाणी सकाळी सहा ते आठ. मग बंब विझतो. दार रात्री दहाला लावते. आणि जेवायचं कुठे ते आत्ताच सांगून या, नाहीतर ताट मिळायचं नाही.” पहिल्या दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या. तिसरी ऐकून सोडून दिली. शहरात आपण भूक लागली की हॉटेल शोधतो, आधी सांगून येत नाही.

ऊन उतरल्यावर गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं दर्शन सगळेच घेतात. पेशव्यांचे सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे मंदिर बांधलं. आत एकाच दगडातली गणपतीची प्रचंड मूर्ती आहे, उकिडवी बसलेली. त्या आकारावरूनच ‘ढोल्या’ नाव पडलं. पण दर्शन घेऊन मागे वळू नका, मंदिराला वळसा घालून पाठीमागे जा. मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत ती मधे टोकाला येते, माशाच्या तोंडासारखी. मंदिर अगदी नदीलगत. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून ती तशी बांधली.

धाकटा त्या टोकापाशी उभा राहिला. भिंतीला दोन्ही तळवे लावून एक हात इकडे, एक तिकडे सरकवत गेला. मग म्हणाला, “बाबा, ही होडी आहे. उलटी उभी केलेली नाही, सरळच. नदी येते आणि ही जाते.” ह्यांनी त्याला पुलाचे खांबही पाण्याच्या बाजूला टोकदार का असतात ते दाखवलं. दोघे तिथे अर्धा तास होते. घोड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा निघाला, ते पुढे येईलच.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं मंदिर आहे, गणपतीच्याही आधीचं, १७५७ चं. तेही रास्त्यांनीच बांधलेलं. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे की त्यात दिव्याचा उजेड दिसतो. आई त्याच्यापाशी बसल्या आणि आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर. अंधार पडेपर्यंत कुणालाही कुठेही जायचं नव्हतं. आसपास बसलेली माणसं गावचीच होती : दुकान बंद करून आलेले दोघे, गप्पा मारणाऱ्या बायका, क्लास सुटलेली मुलं. घाट काही आपल्यासाठी सजवलेला नाही. ती गावाची बसायची जागा आहे, आपण तिथे जाऊन बसतो. वाईत असे सात घाट आहेत आणि थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव होतो तेव्हा एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाई बसवतात. अफझलखान वाईला तळ देऊन होता, तेव्हाच्या नवसाशी हा उत्सव जोडलेला आहे असं गावात सांगतात. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्याआधी खान वाईत होता, हा तर इतिहासच आहे.

रात्री खानावळीत जागा मिळाली, कारण काकूंनी आमच्यासाठी स्वतःच निरोप ठेवला होता. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, भात, वर खर्डा. एका ताटाचे १२० रुपये. आईंचं ताट त्यांनी अर्धं धरलं, न मागता.

दुसरा दिवस : नदी, घंटा आणि बंद खानावळ

पहाटे साडेसहाला आईंना घेऊन घाटावर गेले. त्यांना आंघोळ करायची होती. पाण्यावर धुकं होतं, घाट सुंदर दिसत होता. पण काठाशी जलपर्णी अडकली होती आणि तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पदर खोचला, दोन पायऱ्या उतरून पाय बुडवले, ओंजळीत पाणी घेऊन सोडलं आणि वर आल्या. “तेव्हा अशी नव्हती गं,” एवढंच म्हणाल्या. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायला हवं. जिच्यासाठी आपण जातो त्या नदीचं हे रूपही या प्रकरणातलंच आहे.

नाश्ता करून धोमला निघालो. वडापने, म्हणजे माणशी पैसे घेऊन नेणाऱ्या जीपने. स्टँडजवळ जीप उभी होती. “कधी निघणार?” विचारलं तर चालक म्हणाला, “भरली की.” चाळीस मिनिटांनी भरली. माणशी ३० रुपये.

धोम हे धौम्य ऋषींच्या नावाचं गाव. कृष्णेवरचं मोठं धरण याच गावाजवळ आहे. पण आम्ही देवळासाठी गेलो होतो. नरसिंहाच्या मंदिराच्या आवारात शंकराचं देऊळ आहे आणि त्याच्यापुढे कमळाच्या आकाराचा दगडी हौद. हौदात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. हौद पाण्याने भरला की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. थोरलीने तिथे बसून वहीत चित्र काढलं. तिला हवं असलेलं ‘जुनं आणि शांत’ ते हेच होतं. तासभर आमच्याशिवाय तिथे फारसं कुणी नव्हतं.

परतताना मेणवलीला उतरलो. वाईपासून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आजही उभा आहे. लाकडी तुळया, जाड भिंती, त्यांवरची पुसट होत चाललेली चित्रं. वाडा बघण्यासारखाच आहे, पण आमचा वेळ गेला वाड्याच्या मागे, घाटावर. घाट चंद्रकोरीच्या आकारात नदीकडे उतरतो. तिथे मेणेश्वराच्या देवळापाशी एका लहानशा घुमटीत मोठी घंटा टांगली आहे.

ती आपल्या देवळातल्या घंटेसारखी नाही. मुलीने जवळ जाऊन बघितलं तर वर उठावातली बाईची आकृती, कडेवर मूल. खाली आकडे : १७०७. “आई, औरंगजेब गेला ते वर्ष,” ती म्हणाली. शाळेत पाठ केलेली सनावळ अशी समोर टांगलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या स्वारीत चर्चमधल्या घंटा आल्या आणि महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत बसवल्या गेल्या. त्यांतलीच ही एक. वरची आकृती मेरीची आणि बाळ येशूची. म्हणजे ओतल्यानंतर ३२ वर्षांनी या घंटेने देव बदलला. थोरलीने हे सगळं आजीला समजावून सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि घंटेला हात जोडले. “कडेवर लेकरू आहे, म्हणजे आईच की,” म्हणाल्या. मग मेणवलीच्या घाटावर खाली जाऊन त्यांनी तोंड, हात, पाय धुतले. तिथलं पाणी वाईपेक्षा बरं होतं. कृष्णेची भेट त्यांच्या लेखी तिथे पुरी झाली.

तोवर दीड वाजला होता. परतीला जीप नव्हती. दुपारी माणसं नसतात, मग जीप भरत नाही आणि न भरलेली जीप येत नाही. तीन किलोमीटर आम्ही चौघे चाललो असतो, आईंना ते शक्य नव्हतं. पाऊण तास सावलीत बसून शेवटी हे एकटे वाईला चालत गेले आणि रिक्षा घेऊन आले. रिक्षाचे २०० रुपये.

खानावळीत पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मालक बाहेर आले. “ताटं संपली हो. सांगून ठेवलं असतं तर पाच बाजूला काढली असती.” आजूबाजूच्या दोन ठिकाणीही तेच. धाकटा रडकुंडीला आला. केळी आणि बिस्किटांवर भागवलं. मला राग आला होता, पण कुणावर काढावा कळत नव्हतं. काकूंनी आदल्या दिवशी सांगितलेलंच होतं.

खानावळवाले परत आत जाताना थांबून म्हणाले, “रात्री साडेसातला या. किती ताटं धरू?”

त्या एका प्रश्नाने मला या गावाच्या स्वस्ताईची किल्ली मिळाली. खानावळ मोजून शिजवते. तिची रोजची माणसं ठरलेली आहेत : बाहेरगावचे नोकरदार, शिकायला आलेली मुलं. रात्री काही उरत नाही, काही फेकलं जात नाही, म्हणून ताट १२० रुपयांना परवडतं. जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून माणशी ३० रुपयांत नेते. बंब दिवसातून एकदा पेटतो, सगळे त्याच वेळी आंघोळ उरकतात, म्हणून गरम पाण्याचे वेगळे पैसे नाहीत. एसटीचंही तेच. प्रत्येक गोष्ट पुष्कळजण एकाच वेळी वापरतात, आणि त्या वेळेला तुम्ही हजर असाल तर तुमचाही वाटा स्वस्तात निघतो. वर महाबळेश्वरात माणूस म्हणेल तेव्हा जेवण असतं, म्हणेल तेव्हा गाडी असते, आणि त्या ‘म्हणेल तेव्हा’चेच पैसे लागतात. आम्ही स्वस्त गावात येऊन महाग गावासारखं वागत होतो. दीड वाजता जीप हवी, तीन वाजता जेवण हवं.

“साडेचार धरा,” मी सांगितलं. त्यांना बरोबर कळलं.

तिसरा दिवस

शनिवार थोरलीसाठी ठेवला होता. मराठी विश्वकोश मंडळाचं मुख्य कार्यालय वाईला आहे. ती शाळेच्या प्रकल्पांसाठी विश्वकोशातल्या नोंदी इंटरनेटवर वाचते आणि एवढं मोठं काम मुंबई-पुण्यातून न होता वाईहून कसं झालं, याचं तिला फार कुतूहल होतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. प्राज्ञपाठशाळेत शिकायला वाईला आले ते इथलेच झाले. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, ते त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं काम त्यांनी वाईत बसून उभारलं. पहिला खंड १९७६ चा. छोट्या गावात मोठी कामं होतात, हे मुलीला तिथे नेऊन दाखवायचं माझ्या फार मनात होतं.

कार्यालय बंद होतं. सरकारी कचेरी शनिवारी बंद असते, आणि मी स्वतः कार्यालयात काम करूनही हे माझ्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी विश्वकोश आणि शनिवारी धोम-मेणवली एवढी अदलाबदल केली असती तर जमलं असतं. मुलगी फाटकाजवळ उभी राहून पाटी वाचत होती. तिने तक्रार केली नाही, त्यामुळेच मला जास्त लागलं.

मंडईत स्ट्रॉबेरी होत्या, वरून सकाळी उतरलेल्या. दोन खोकी घेतली. घोडा मात्र झाला नाही. धाकट्याने परतीच्या गाडीत तो विषय काढला आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. एसटीने अर्धा दिवस पाचगणीला जाऊन टेबललँडवर एक फेरी मारणं आमच्या पैशांत बसलं असतं. आम्ही चौघांनी आपापलं पदरात पाडून घेतलं, त्याचं राहिलं.

हिशेब

एसटी ७७५. घर ते स्वारगेट आणि परत, ३००. खोली दोन रात्री, २८००. जेवण, नाश्ता, चहा मिळून २९००. जीप आणि रिक्षा ४६०. वाडा, देवळातली दक्षिणा वगैरे १५०. झाले ७३८५. हळद, पेढे आणि स्ट्रॉबेरी ५४०. एकूण ७९२५. आठ हजारांतले ७५ रुपये उरले.

आता पोळ्या. पहिल्या दुपारचं जेवण घरून नेलं म्हणून ५०० रुपये वाचले. पण त्यासाठी मी पहाटे साडेतीनला उठले, वीस पोळ्या लाटल्या आणि एसटीत बसल्यावर सुरूरपर्यंत मान टाकून झोपले. ज्या ओट्यापासून दोन दिवस सुटका हवी होती, सहलीची सुरुवात तिथूनच झाली. ते ५०० रुपये वाचले नाहीत, ते मी भरले. काटकसर करताना अशी रक्कम नेहमी घरातल्या एकाच माणसाच्या नावावर पडते आणि वहीत कुठेच दिसत नाही. मी ती वहीत लिहिली आहे, माझ्या नावापुढे. ह्यांनी वाचली. पुढच्या वेळी पहिलं ताटही खानावळीतलंच, हे त्यांनी स्वतः खाली लिहिलं.

रिक्षाच्या २०० रुपयांबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. बरोबर वयस्कर माणूस असेल तर असे तीन-चारशे रुपये आधीच बाजूला धरावेत आणि ते खर्च होणारच असं समजावं. स्वस्त सहल गुडघ्यांवर काढू नये.

पुढच्या खेपेला

पुन्हा वाईलाच जायचं ठरलं आहे, मे महिन्यात. लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथालयाची वसंत व्याख्यानमाला तेव्हा असते. संध्याकाळी जेवण उरकून व्याख्यानाला जाऊन बसायचं, असा ह्यांचा बेत आहे. थोरलीने विश्वकोशासाठी सोमवार-मंगळवार पक्के केले आहेत, शनिवार-रविवार वाईत नाहीच. धाकट्याच्या घोड्यासाठी मी त्या उरलेल्या ७५ रुपयांचा डबा वेगळा केला आहे आणि तो रोज त्यात डोकावून जातो. पोचल्यावर सामान टाकायच्या आधी खानावळीत जाऊन ताटं सांगायची, हे माझ्याकडे.

आईंनी पंचांग बघून पुढचं कन्यागत २०२८ मध्ये येतंय असं काढून ठेवलंय. तेव्हाही शून्याचं तिकीट चालू असेल का, हे त्यांनी ह्यांना स्टँडवर जाऊन विचारून यायला सांगितलं आहे.